जहाजाची नवी तारीख

शटर अर्धं खाली होतं. त्याखालून तो वाकून आत आला, तेव्हा ती फोनवर कुणाची तरी समजूत घालत होती.

"बंद आहे का?" फोन ठेवल्यावर त्याने विचारलं.

"बंदच समजा… पण आलाच आहात तर बसा. तिकडे, लांब."

जहाजांच्या सहलींची बुकिंगं घेणारं ते ऑफिस. साथ आली तशी बाकीच्यांना घरी बसवलं, आणि लोकांची बोलणी खायला ती एकटी उरली. भिंतीवरच्या पोस्टरांमधली पांढरीशुभ्र जहाजं खरं तर कुठल्या कुठल्या बंदरात रिकामी उभी होती.

त्याच्या आईवडिलांचं बुकिंग होतं. वडील निवृत्त झाले की दोघांनी समुद्रावर जायचं, असं ठरलेलं.

"बाबा गेले," तो म्हणाला. "साथीतच. त्यांच्या जागी माझं नाव घालाल? आईला एकटीला कसं पाठवू…"

ती नाव बदलायला वळली, पण मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली आणि तिला काहीच दिसेना.

"मास्क वर ओढा आणि चष्मा त्याच्यावर टेकवा. चष्म्याचं दुकान आहे माझं. हल्ली सगळ्यांची हीच तक्रार."

तिने तसं केलं. वाफ विरली, आणि समोर त्याचे डोळे दिसले. बरेच दिवस न झोपलेले, कोरडे.

जहाजाची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. दर वेळी ती कळवायची, आणि दर वेळी तो स्वतः यायचा.

"फोनवर सांगितलं होतं की मी सगळं."

"फोनवर तुमचा चष्मा नीट बसलाय का, ते कसं कळणार?"

"मग… बसलाय का?"

"डावीकडे जरा कललाय." तो लांबूनच निरखत राहिला. "पण राहू दे. छान दिसतो."

घरी भाजी चिरताना ती त्याचा उरलेला चेहरा मनाशी रंगवायची. एकदा पाणी प्यायला त्याने मास्क खाली केला, तर तिने हौसेने लावलेली मिशी तिथे नव्हतीच. ती एकटीच हसली. त्या दिवसांत हसू यायचं, आणि लगेच अपराधी वाटायचं. समोरची दोन दुकानं कायमची बंद झाली होती. रुग्णवाहिकेच्या आवाजाला आता कुणी मानही वर करत नव्हतं.

"आई दर तारखेला बॅग भरते," तो एकदा म्हणाला. "बाबांचा स्वेटरसुद्धा घालते त्यात. पुढे ढकललं की सगळं बाहेर काढते, पुन्हा इस्त्री करते. त्या तारखेवर जगतेय ती."

आणि मग एका सकाळी निरोप आला. जहाज कंपनी बुडाली होती. जहाज मोडीत निघणार होतं. साहेबांनी फोनवरच सांगितलं, आपलंही ऑफिस आता आवरायचं.

तिने त्याला फोन केला.

"आईला कळायला नको," तो म्हणाला. "तुम्ही एक तारीख द्या. कुठलीही."

"जहाजच नाहीये हो…"

"तुमचं काय जातंय त्यात?"

"खोटी तारीख मी नाही देणार. तुम्हाला तर नाहीच."

त्याने फोन ठेवला. त्यानंतर तो आला नाही, आणि पायांची चाहूल लागली की तिची मान उगाच दाराकडे वळत राहिली.

फोन आला तो त्याच्या आईचा.

"अगं, हा धड काही सांगत नाही. तारीख आली का?"

तिने खरं ते सांगितलं, सगळं.

"बरं झालं बाई," आई हळूच म्हणाल्या. "मला कुठे जायचं होतं त्यांच्याशिवाय? बाप गेल्यापासून हा रडलाच नाही गं. तारखेमागे धावत होता, म्हणून मीही बॅग भरत राहिले."

संध्याकाळी ऑफिस बंद करून ती बुकिंगवरच्या पत्त्यावर, थेट त्याच्या घरी गेली. तो खालच्या जिन्यातच बसला होता. मास्क हातात, डोळे लाल, गाल ओले.

"मी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "रागवा हवं तर."

"रागवलो होतो… मग आई बोलली माझ्याशी. आता नाही." तो भिंतीकडे बघत बोलू लागला. "तारीख पुढे गेली की आईसाठी वाईट वाटायचं. आणि मनातून बरंही वाटायचं. पुन्हा तुमच्याकडे यायला मिळायचं ना. बाबा जाऊन वर्षही झालं नाही, आणि मी… असा."

"मीही तशीच," ती म्हणाली. "माझी पुढच्या आठवड्यापासून नोकरी नाही. काळजी वाटायला हवी ना? पण मला तुम्ही दिसणार नाही याचंच जास्त वाटतंय."

त्याने वळून पाहिलं. ती त्याच्याच पायरीवर बसली. अंतर न ठेवता. त्याचा हात तिने हातात घेतला तसं त्याला पुन्हा भरून आलं, आणि या वेळी त्याने ते आवरलं नाही. बाहेर अंधारून आलं. ती तशीच बसून राहिली.

वर दार उघडलं.

"किती वेळ जिन्यात बसणार?" आईंचा आवाजही ओलाच होता. "पानं घेतलीत. तिलाही घेऊन ये."