साध्या रक्ताचा माणूस

तेरा माणसं पन्नास मिनिटं पाण्याखाली होती आणि एकाच्याही पाठीवर टाकी नव्हती. वर एक बुडबुडा येत नव्हता. कॅरिबियन समुद्र इस्त्री केल्यासारखा सपाट पसरला होता आणि बोटीच्या कठड्याला टेकून मंदार शेवडे सवयीने मोजायला काही शोधत होते. मोजण्यासारखं काही नव्हतं, हीच पंचाईत होती.

शेवड्यांची सारी नोकरी नाशिकच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती. आत किती आलं, बाहेर किती गेलं, शिल्लक किती, या तीन रकान्यांत त्यांनी तेहतीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर रिकामे झालेले रकाने माणसांनी भरायला घेतले. चौदा जणांच्या या सहलीत पहिल्या दोन दिवसांत 'चहा किती वाजता?' हा प्रश्न एकतीस वेळा विचारला गेल्याची त्यांच्याकडे नोंद होती. खिडकीच्या जागेवरून तीन भांडणं, खोली बदलून मागण्याचे पाच अर्ज. तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना श्वासकणांची सुई टोचली आणि त्यानंतर चहाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मराठी सहलीला चहाची फिकीर उरली नाही म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय, हे खरं तर तेव्हाच ओळखायला हवं होतं. शेवड्यांनी नुसती नोंद केली.

त्यांना स्वतःला सुई मिळाली नव्हती. हृदयात जाळी बसवलेल्या माणसाला श्वासकण चालत नाहीत. त्यामुळे बायको खाली प्रवाळांत आणि नवरा वर बोटीत, असा सहलीचा क्रम पडला होता. सोबतीला रिसॉर्टच्या डॉक्टर पल्लवी चौधरी. मूळ जळगावच्या, अकरा वर्षं या बेटावर. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून खूश होत्या.

त्यांनी पहिल्याच दिवशी शेवड्यांना नाक दाबून धरायला सांगितलं होतं. चाळीस सेकंदांत शेवड्यांनी हात काढला.

"काय झालं, काका?"

"जीव घाबरला. हवा संपली."

"संपली नव्हती. रक्तात अजून पुष्कळ प्राणवायू होता. गुदमरतं ते कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. तो जरा वाढला की मेंदूच्या बुडाशी एक घंटा वाजते. सापाला, सशाला, आपल्याला, सगळ्यांना तीच. फार जुनी आहे."

श्वासकण म्हणजे लाल पेशीहून बारीक, हिऱ्यासारख्या कार्बनच्या कुप्या. टोचताना त्या प्राणवायूने ठासून भरलेल्या असतात. पाण्याखाली तो थोडा थोडा सोडतात आणि कार्बन डायऑक्साइड पोटात घेतात. माणूस दीड तास श्वास न घेता राहतो आणि वर येऊन चार श्वास घेतले की कुप्या पुन्हा भरतात. टाकीतली दाबलेली हवाच नको, त्यामुळे ती रक्तात फेसाळून होणारा जुन्या पाणबुड्यांचा आजारही गेला. सोळा आठवड्यांनी कण आपोआप झिजून शरीराबाहेर पडतात. त्याआधी काढायची सोय नाही.

"म्हणजे घंटा वाजतच नाही," शेवडे म्हणाले होते.

"वाजतच नाही. गंमत अशी, की बाकीच्या घंटाही त्याच तारेवर आहेत. आपल्याला वाटतं, आधी भीती वाटते आणि मग श्वास अडतो. बरंचसं उलटं आहे. श्वास अडतो, छाती भरून येते, त्यावरून मन ठरवतं की आता घाबरायला हवं."

श्वासकण आले त्या पहिल्या वर्षी एका बोटीला भोक पडलं होतं. नावाडी धरून सगळे श्वासकणवाले. पाणी घोट्यापर्यंत चढलं तरी मंडळी त्याचा रंग किती सुंदर आहे ते बघत बसली. तेव्हापासून प्रत्येक बोटीवर एक साध्या रक्ताचा माणूस असलाच पाहिजे, असा नियम होता. या बोटीवर डॉक्टरबाई होत्या.

शेवड्यांना हे ऐकून आनंदच झाला होता, कारण बायकोला, ऋजुताला, इथे आणण्यामागे त्यांचा हेतू पोहण्याचा नव्हता. ऋजुता दिवसाला सरासरी एकशे चाळीस उसासे टाकायची. गॅस बंद केला का, शेजारचा कुत्रा आज भुंकला का नाही, लेकीचा, अन्वीचा, आवाज बसलाय का. घरातून गंगापूर रोडपर्यंत गेलेल्या माणसानेही पोचल्याचा फोन करायचा, आणि फोन आला की ती 'हुश्श' म्हणून पुढच्या काळजीला मोकळी. पंप सतत चालू असलेल्या घरात राहावं तसे शेवडे त्या आवाजात पस्तीस वर्षं राहिले होते. आता ते थकले होते. भांडायलाही जीव उरला नव्हता. नुसतं कुणीतरी तो पंप बंद करावा, एवढंच वाटायचं. "तुला विश्रांती हवी आहे," असं त्यांनी तिला महिनाभर ऐकवलं. "मला काय धाड भरलीय?" असं तीही महिनाभर म्हणाली आणि मग आली.

सुईनंतरचे उसासे: शून्य. ऋजुता सुंदर दिसायला लागली होती. कपाळावरची आडवी रेघ गेली होती. दुपारी ते दोघं वाळूत पडून राहत आणि शेवड्यांना वाटे, आपण हिच्याशी पहिल्यांदाच बोलतोय.

पाचव्या दिवशी नाश्त्याला अन्वीचा फोन आला. नागपूरला तेव्हा संध्याकाळ होती. अन्वीला आठवा महिना लागला होता. तन्मय, तिचा नवरा, कामासाठी विशाखापट्टणमला. दोन दिवस डोकं ठणकतंय, पाय सुजलेत, आज चेहराही जरा फुगलाय, मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं तिने सांगितलं आणि ती थांबली.

ऋजुता पपईची फोड काट्याला लावत म्हणाली, "उन्हाळा आहे ना तिकडे. डाव्या कुशीवर पड जरा. बरं वाटेल."

"हो ना? मलाही तेच वाटलं," अन्वी म्हणाली. तिचा सुटकेचा श्वास शेवड्यांनाही ऐकू आला.

त्यांच्या मनात काहीतरी हललं होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती पपई खात होती. पस्तीस वर्षांत त्यांनी स्वतःहून कधी काळजी केली नव्हती. काळजी करण्याजोगं काही असलं की ते ऋजुताच्या चेहऱ्यावर दिसायचं आणि मग ते 'एवढं काही नाही गं' म्हणायचे. एवढंच त्यांचं काम. आज चेहऱ्यावर काही नव्हतं, म्हणजे काही नसणार. मंडळी बोटीकडे निघाली.

बोट नांगरून तेरा जण खाली गेल्यावर, बोलायला विषय म्हणून, शेवड्यांनी डॉक्टरबाईंना सहज सांगितलं. काजव्यांपर्यंत आल्यावर बाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"तिचं ब्लडप्रेशर कुणी मोजलंय?"

"ते आपलं... ऋजुताला माहीत."

"काका, तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं. उद्या नाही. आकडी येऊ शकते. बाळ आणि ती, दोघंही..."

"पण ऋजुताला तर काहीच वाटलं नाही," शेवडे म्हणाले.

डॉक्टरबाईंनी शेवड्यांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला. "त्यांना वाटणारच नाही, काका. त्यासाठीच तर तुम्ही त्यांना आणलंत."

शेवड्यांनी फोन लावला. नागपूरला रात्र होऊ लागली होती. त्यांनी जमेल तसं सांगितलं. अन्वीने ऐकून घेतलं आणि झोपाळू आवाजात समजूत घातली. बाबा, तू कशाला टेन्शन घेतोस, तुला यातलं काय कळतं. "आई काय म्हणते?"

"आई खाली आहे."

"सकाळी शांत होती ना? तिला काही वाटलं असतं तर तिने एव्हाना विमान पकडलं असतं. झोपते मी." डॉक्टरबाईंनी फोनसाठी हात पुढे केला, तोवर तो बंद झाला होता.

शिडीच्या लोखंडी नळीवर पान्याने ठणाठण ठोकलं, ही वर येण्याची खूण. पाच मिनिटांनी ऋजुता वर आली. धाप नाही, घाई नाही. ओले केस मागे सारत तिने डॉक्टरांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. तिला ते पटलंही. प्रत्येक शब्द पटला.

"मग मी सांगते ना तिला," ती म्हणाली आणि फोन लावून म्हणाली, "अन्वी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. जिवाला धोका आहे."

हे तिने भाजीत मीठ कमी आहे अशा सुरात सांगितलं. तिकडून अन्वी हसली. "बाबाने पढवलं ना तुला? आई, तुला खोटं बोलता येत नाही. झोपू दे गं." फोन ठेवला, आणि त्यानंतर उचलेना.

"जोरात बोल ना," शेवडे म्हणाले. "रड. काहीतरी कर."

ऋजुताने मनापासून प्रयत्न केला. छाती फुगवली, चेहरा वाकडा केला. मग मान हलवली. "येत नाहीये रे. काय करायचं ते सगळं आठवतंय, पण येत नाही." आणि जरा वेळाने, "देशकर वहिनींना लाव. अन्वीच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. किल्ली असते त्यांच्याकडे." दहा आकडे तिने तोंडपाठ सांगितले. दवाखान्याचं नाव, डॉक्टरांचं नाव, फाइल कपाटाच्या कुठल्या कप्प्यात आहे, रक्तगट. सगळा साठा जागच्या जागी होता. कुलपावर राखणदार तेवढा नव्हता.

देशकर वहिनी चांगल्या होत्या, पण त्यांनाही संशय आला. "हो का जी? पण ऋजुताताईंचा फोन काहून नाही आला मंग? त्या तर साधी शिंक आली तरी मला उठवतात."

शेवडे उत्तर द्यायला गेले. फोन कानाशी धरून ते नुसते धापा टाकत राहिले. एक हुंदका आला, तो दाबताना दुसरा आला. परक्या बाईच्या कानात त्यांचा असा आवाज कधी गेला नव्हता.

"निघते मी," देशकर वहिनी म्हणाल्या. "दार उघडून घेऊन जाते तिला."

ब्लडप्रेशर एकशे ऐंशीच्या वर होतं. तासाभरात सिझेरियन झालं. मुलगी झाली, दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवली. तन्मय पहिल्या विमानाने पोचला. हे सगळं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं आणि दर तुकड्याला शेवडे उठून खोलीत फेऱ्या घालत. ऋजुता प्रत्येक वेळी "बरं झालं" म्हणे आणि ते खरंच तिला बरं वाटलेलं असे. तिने त्यांना पाणी आणून दिलं. दुपारी ती झोपली. शेवडे तिची संथ वरखाली होणारी छाती बघत राहिले. पस्तीस वर्षं हे सगळं एकटीने करून ही बाई संध्याकाळी स्वयंपाकही करायची, हा हिशेब त्यांना जमेना. त्यांचे तर एका दिवसात खांदे भरून आले होते, आणि अजून जवळपास सोळा आठवडे जायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अन्वी स्वतः बोलली. आवाज खोल गेला होता. फोन स्पीकरवर होता. बाळाचे श्वास अजून यंत्रावर आहेत, रात्री दोनदा थांबले होते, असं तिने सांगितलं. ऋजुताने औषधं विचारली, टाके विचारले, सगळं नीट विचारलं.

मग अन्वी म्हणाली, "आई, तू घाबरली होतीस का गं?"

ऋजुताने थोडा विचार केला. खोटं तिला येत नव्हतंच.

"नाही गं," ती प्रेमाने म्हणाली. "अजिबात नाही."

बाहेर किनाऱ्यावर बारा माणसं बोटीची वाट बघत शांत उभी होती, आणि बोटीला उशीर का, असं कुणी विचारत नव्हतं.

"फोन बाबाकडे दे," अन्वी म्हणाली.

तीस वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणत होती. ऋजुताने फोन नवऱ्याच्या हातात दिला आणि पायांत पोहण्याचे पंजे चढवून मास्क शोधायला लागली. शेवड्यांनी तोंड उघडलं, पण काय बोलायचं असतं ते त्यांना माहीत नव्हतं. ते नुसते जड श्वास घेत राहिले, आणि तिकडे अन्वी काही न बोलता ते ऐकत राहिली.