एकोणचाळिसाव्या मजल्यावरची दुपार

पहिल्यांदा तो दिसला, तेव्हा त्रामच्या तोंडून किंकाळीच निघायची बाकी होती! दुपारचे साडेबारा, सायगॉनमधल्या त्या उंचच उंच इमारतीचा एकोणचाळिसावा मजला. दिवे मालवून सगळं ऑफिस तिथल्या रिवाजाप्रमाणे टेबलांखाली चटया टाकून ढाराढूर झोपलेलं. हिलाच मेलीला झोप येईना... आणि काचेबाहेर, दोरांवर टांगलेल्या पाळण्यात, एक तरुण! साबणाच्या फेसात त्यानं बोटानं फोन नंबर लिहिला — तोही उलटा, आतून तिला सुलटा दिसावा म्हणून. केवढा आगाऊपणा! तरी तिनं फोन लावलाच.

"मी किएत. काचा पुसतो. वय काय तुमचं? काय हाक मारायची ते ठरवायला हवं ना."

"एकोणतीस."

"मी सत्तावीस. म्हणजे ताईच की!"

"ताई म्हणालास तर फोन ठेवीन."

"बरं, ताई."

फोन काही तिनं ठेवला नाही. चार दुपारी अशी कुजबुज चालली. एक वाजला, दिवे लागले, की दोघांचीही तोंडं उतरायची.

आज पाचवी दुपार. काचा आज संपणार होत्या, उद्या तो नव्या कामावर दा नांग शहराला निघणार होता. आज मनातलं बोलायचंच, असं तिनं पक्कं ठरवलं होतं. आणि नेमका आज वारा सुटला.

आधी पाळणा नुसता हलला. मग धाडकन काचेवर आदळला. नदीपलीकडचं आभाळ काळंठिक्कर झालं होतं. त्रामचा फोन थरथरला.

"ताई, साऊ काका फोन उचलत नाहीयेत! पाळणा वर ओढायचं यंत्र त्यांच्याकडे आहे!"

"कुठे गेलेत ते?"

"गच्चीवरच... झोपलेत. फोनचा आवाज बंद करून."

"माणूस टांगलेला असताना?"

"मीच म्हणालो, मी पाळण्यातच डुलकी काढतो, तुम्ही खुशाल झोपा. तुमच्याशी बोलायला मिळावं म्हणून—"

पाळणा पुन्हा आदळला. तो एका हातानं दोराला लटकलेला तिला दिसला. टेबलावरच्या फोनवरून तिनं खालच्या पहारेकऱ्यांना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. तेही झोपलेले! मोबाईल कानाला लावून ती अनवाणीच धावली. वाटेत मॅनेजरच्या पायावर पाय पडला.

"धीर सोडू नकोस, आलेच मी!"

"त्राम ताई, एक सांगायचं होतं..."

लिफ्टचं दार मिटलं आणि फोन कट झाला.

काय सांगायचं होतं? देवा, काय सांगायचं होतं त्याला? वरचे दोन जिने ती कशी चढली, तिचं तिलाच कळलं नाही. यंत्राच्या आडोशाला, तोंडावर टोपी घेऊन साऊ काका घोरत होते.

"काका, उठा! किएत पडेल!"

"अं? तो तर झोपलाय..." काकांनी कठड्यावरून खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पुढच्या क्षणी यंत्र घरघरलं.

दोर वर येत होते... किती हळू! अखेर त्याचं हेल्मेट दिसलं. मग सोललेली, रक्ताळलेली बोटं. तो कसाबसा गच्चीवर उतरला आणि मटकन खाली बसला.

त्रामनं त्याच्या खांद्यावर दोन गुद्दे हाणले आणि ती रडायलाच लागली. "काकांशी खोटं बोलतोस! जीव गेला असता म्हणजे? मी काय केलं असतं रे? प्रेम आहे माझं तुझ्यावर, मूर्खा! आता ताई म्हण, म्हणजे काकांना सांगून परत खाली सोडते!"



"त्राम," तो हळूच म्हणाला. नुसतंच त्राम. "हेच सांगायचं होतं मला. रडू नकोस ना... दा नांगलाही दुपारी सगळे झोपतात. मी जागा राहीन, तुझ्यासाठी."

"खबरदार!" साऊ काका कडाडले. "दुपारी गुपचूप झोपायचं. प्रेम संध्याकाळी, जमिनीवर उतरून करायचं!"

दोघंही ओल्या डोळ्यांनी हसली. खाली एक वाजला, ऑफिसात दिवे लागले. त्रामनं मात्र त्याचा हात सोडला नाही.