जागेचा खिळा

ज्या वर्षी धाकट्या भावाचं लग्न झालं, त्या वर्षी घरात माझं अंथरूण घालायला जागा उरली नाही. "ताई, राग मानू नकोस," भाऊ म्हणाला. राग कसला! मी भाड्याची खोली घेतली आणि छापखान्यात कामाला लागले. छपाई झाली की अक्षरांचे शिशाचे खिळे सुटे करायचे, ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. वाचता येत नव्हतं. आकार पाहून टाकायची. संध्याकाळी खोलीवर एकच कप विसळायचा, आणि मग भिंतीकडे बघत बसायचं.

पहिल्याच दिवशी हातातली खिळ्यांची पाटी सुटली. सगळी बाराखडी फरशीवर! शेजारी कुणीतरी वाकून वेचू लागलं. ते आमचे जुळारी, खिळे जुळवून ओळी रचणारे. उंची बेताची, म्हणून सगळे त्यांना 'आठ पॉइंट' म्हणत; आमच्याकडे सगळ्यात बारीक खिळा आठचाच.

"तुम्ही मात्र चोवीस," मी उभी राहिल्यावर ते मान वर करून म्हणाले. "मथळ्याचा खिळा!"

अक्षरं मला त्यांनीच शिकवली, खिळ्यावर असतात तशी... उलटी.

"हा कोरा का?" मी एकदा विचारलं.

"ती जागा. दोन शब्दांमध्ये घालायची. शिशाचीच असते, पण बुटकी. शाई पोचत नाही तिच्यापर्यंत."

असते, पण दिसत नाही. माझ्यासारखी, मी मनात म्हटलं.

"आणि आठ नि चोवीस एका ओळीत बसतात का हो?"

"बसतात की! आठच्या वर-खाली पट्ट्या भरायच्या. खटपट असते जरा—" म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

मग कळलं, त्यांना दुसऱ्या गावी मोठ्या छापखान्यात बोलावलंय. सोमवारी निघणार. मला तोंडाने काही बोलवेना. शनिवारी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी दोनच शब्द जुळवले आणि त्यांच्या हातात ठेवले.

त्यांनी वाचलं. "जाऊन का...? जाऊन काय करणार, असं विचारताय?"

मी मान खाली घातली. त्यांनी पुन्हा पाहिलं. चिमट्याने जागेचा खिळा उचलला, 'न'च्या अलीकडे बसवला.

जाऊ नका.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"...हे मला?"

"इथून दुसरं कोण चाललंय?"

"पट्ट्या भराव्या लागतील हं," ते हळूच म्हणाले.

"भरू."

ते गेले नाहीत. खोलीत दुसरा कप आला.

पुढे कितीतरी वर्षांनी, इस्पितळात, त्यांच्या कानाशी वाकून मी तेच दोन शब्द म्हटले. त्यांनी डोळे किलकिले केले. "जागा... बरोबर पडली या वेळी," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वारले; गेल्या वर्षी, नातीचं लग्न झालं त्याच महिन्यात.