उणे तेरा, आणि उजिनचे पाय

खडखड... खडखड... माझ्या मागून कुणीतरी पत्रा ओढत धावत येत होतं.

पहाट नुकतीच फुटली होती. ओढ्याकाठचा रस्ता, दोन्ही बाजूंना पांढरी पडलेली झाडं आणि पाण्यावरून उठणारी वाफ. त्या शांततेत तो आवाज इतका विचित्र वाटला, की मी थांबून मागे वळले. एक उंच, शिडशिडीत तरुण धापा टाकत येत होता. हातात पत्रा वगैरे काही नव्हतं. वाजत होती ती त्याची ट्रॅकपँट! सुती, ढगळ, खालून बर्फात भिजलेली आणि भिजून गोठलेली. दर पावलाला एक पाय दुसऱ्यावर आपटत होता.

"तुमची पँट वाजतेय," मी म्हटलं.

"माहितेय. मीच घातलीय."

मी खाली वाकून तिच्या काठाला टिचकी मारली. कडक! पापडच जणू.

"अहो, ही मोडेल! टाइट्स का नाही घालत? असल्या थंडीत त्याच घालतात सगळे."

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं, आणि मग घाईघाईनं ओढ्याकडे. त्याचे कान लाल झाले होते... थंडीनं असतील.

"तसलं... पुरुषानं... रस्त्यावर?" तो म्हणाला. "नको. मोडली तर मोडली."

तो प्यो उजिन. लिफ्ट तपासायचं काम करायचा. कोरियातल्या आमच्या चुनचॉन शहरात निम्म्या इमारतींच्या लिफ्टमध्ये त्याच्या सहीचा कागद लागलेला असायचा. आणि मी हाम सोल्ही. स्टेशनजवळ माझं कपडे अल्टर करण्याचं दुकान आहे, त्यामुळे पुरुषांची ही लाज मला चांगली ठाऊक होती. एकेक जण दुकानात कुणी नाही असं बघून यायचा, पिशवीतून टाइट्स काढायचा आणि आवाज बारीक करून विचारायचा, "यावर चड्डी शिवून मिळेल?" दुसऱ्याला शर्ट मागून वीतभर लांब हवा असायचा. तिसरा सांगायचा, बायकोच्या आहेत, माझ्या मापाच्या करा, पण तिला कळता कामा नये. थंडी वाढली की माझा धंदा या लाजेवरच चालायचा म्हणा ना.

मी उजिनला आमच्या धावणाऱ्यांच्या गटात ओढून आणलं. मंगळवार आणि शनिवार, सकाळी साडेसहा, पुलाखाली. गटाचे म्होरके गुक काका, निवृत्त बसचालक, वय सदुसष्ट. ते टाइट्सवर फुलाफुलांची चड्डी घालायचे आणि उजिनची पँट बघून दर वेळी म्हणायचे, "अरे पोरा, उणे तेरामध्ये सगळ्यात आधी लाज गोठते. तुझी कशी काय अजून ओली?"

तो हसायचा. पण टाइट्स घालायचा नाही.

धावून झालं की आम्ही टपरीवर माशाच्या वड्यांचा गरम रस्सा प्यायचो. उजिन आपला पेला आधी माझ्या हातात द्यायचा. "नूना, धरा जरा. मला फार गरम लागतोय." मी धरायची, माझी बोटं शेकून निघायची, आणि रस्सा कोमट झाला की तो पेला परत घ्यायचा. कोमट रस्सा कुणाला आवडतो का? पण हे कळायला मला सबंध एक हिवाळा लागला. आणि कळलं, तेव्हा उशीर झाला होता... मी त्याच्या प्रेमात पडले होते.

मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तो मला नूना म्हणायचा, ताई म्हणावं तसं, आणि बोलायचा अहो-जाहो करून. प्रत्येक वेळी त्या एका शब्दापुढे माझं पाऊल अडायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात मी त्याला काळ्या टाइट्स दिल्या. कमरेला दोन बोटं आत घेतल्या, घोट्याशी टाके घातले, माप नजरेनंच घेतलेलं.

"घाल ना रे. माझ्यासाठी."

"घालेन," तो म्हणाला. पिशवी छातीशी धरून गेला. आणि पुढच्या शनिवारी... खडखड, खडखड.

एक अख्खं वर्ष मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण मनात ठेवलं.

मग या जानेवारीत नारिम आली. चे नारिम, चोवीस वर्षांची, दातांच्या दवाखान्यात कामाला. हसली की गालाला खळी, आणि हसायची तर सारखीच. पहिल्याच दिवशी गुक काकांना आजोबा करून टाकलं, मला ताई. आणि दुसऱ्या दिवशी उजिनला हाक मारली, "ओप्पा!"

माझ्या बुटाची नाडी सुटली नव्हती, तरी मी खाली वाकून ती बांधत बसले.

ओप्पा! मोठ्या भावाला म्हणतात, तसं प्रियकरालाही म्हणतात. मी जन्मात त्याला अशी हाक मारू शकत नव्हते. मोठ्या मुलीनं लहान मुलाला ओप्पा म्हणायचं नसतं. आणि ही पोरगी दोन दिवसांत...

त्यानंतर मला दुसरं काही दिसेनाच. ते दोघं पुढे का धावतायत? ती त्याच्या कानाशी काय सांगतेय? तो मान का हलवतोय? एरवी मी सहज पाच किलोमीटर धावते, पण त्या दिवसांत तिसऱ्याच किलोमीटरला दम लागायचा. दुकानात शिवण उसवायला घेतली की चांगला कपडाही उसवला जायचा. एका बाईच्या कोटाची बाही मी उलटी लावली, देवाशपथ.

आणि मग तो शनिवार. उजिन पुलाखाली आला आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले.

त्यानं टाइट्स घातल्या होत्या. वर चड्डी नाही, काही नाही, नुसत्या टाइट्स. आणि मी दिलेल्या नाहीत! नव्याकोऱ्या, गडद हिरव्या.

"बघितलंत?" नारिम उड्या मारत होती. "मी म्हटलं होतं ना ओप्पाला, छान दिसतील!"

उजिननं एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. फक्त माझ्याकडे. चेहऱ्यावर हसू, पण ओठ घट्ट मिटलेले... पेपर देऊन बाहेर आलेला मुलगा उभा राहतो ना, तसा उभा होता.

आता कळतं. तेव्हा मला फक्त हिरवा रंग दिसत होता. दोन वर्षं मी विनवलं, शिवून दिल्या, आणि हिनं दोन आठवड्यांत...

"अय्या!" मी म्हटलं, चांगलं खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हे पाय आहेत की जेवायच्या काड्या? उजिन, बगळा दिसतोयस अगदी. पाण्याजवळ जाऊ नकोस हं, मासे घाबरतील!"

सगळे हसले. गुक काकांना तर ठसका लागला. उजिनही हसला. हसता हसता त्यानं अंगातलं जॅकेट काढलं आणि बाह्या कमरेला बांधून ते पुढून लटकवलं. उणे तेरामध्ये. नुसत्या पातळ शर्टात तो आठ किलोमीटर धावला, आणि टपरीवर न थांबता घरी गेला.

मंगळवारी तो आला नाही. शनिवारीही नाही. मी दोनदा फोन केला, उचलला नाही. "काम आहे, नूना," एवढाच निरोप आला.

सोमवारी दुपारी नारिम दुकानात आली. तिला आपल्या टाइट्स आखूड करून हव्या होत्या. मी खाली बसून टाचण्या लावायला लागले.

"ताई, टोचतंय!"

"हलू नकोस मग."

"तुम्ही मुद्दाम टोचताय."

मी पुढची टाचणी लावली. मुद्दामच टोचत होते.

"ताई," ती वरून म्हणाली, "तुम्हाला एक सांगू? ओप्पानं मला येऊन विचारलं होतं. पुरुषानं टाइट्स घातल्या की बायकांच्या मनात खरंच काय येतं, म्हणून. मी म्हटलं, काही येत नाही, थंडी आहे एवढंच येतं. तर म्हणतो, एक जण आहे, तिच्या मनात काय येईल ते कळत नाही. मी म्हटलं, मग तिला विचार ना, मला काय विचारतोस? तर म्हणतो, तुझ्यासमोर हसं झालं तर झालं, तिच्यासमोर झालं तर मला पुन्हा तिथं उभंच राहता येणार नाही."

माझ्या हातातली टाचणी तिथंच थांबली.

"आधीची एक जोडी होती म्हणे," नारिम बोलतच होती. "कुणीतरी दिलेली. रोज कामावरून आला की ती घालून इमारतीच्या जिन्यावर धावायचा. चौदा मजले. सराव म्हणून! तिथं कुणी बघत नाही ना. मग एकदा घसरून पडला आणि गुडघ्यावर फाटली. मी म्हटलं, दुरुस्तीला टाक. तर असा बघत बसला माझ्याकडे... ताई, या गावात दुरुस्तीचं दुकान आहे कुणाचं?"

मी तिच्या पायाशी बसले होते आणि मला वर बघवत नव्हतं.

"आणि तुम्ही," नारिमचा आवाज पहिल्यांदाच जरा कडक झाला, "तुम्ही त्याला बगळा म्हणालात."

त्या संध्याकाळी मी उजिनला निरोप लिहिला. सहा वेळा लिहिला, पाच वेळा खोडला. शेवटी एवढंच उरलं, "शनिवारी ये. काहीही घालून ये. पण ये."

तो आला. जुनी ढगळ पँट घालून, सगळ्यांच्या मागे उभा राहिला. गुक काका हात झटकत व्यायामाची मोजणी करायला लागले, तेवढ्यात मी पुढे झाले. सगळ्यांसमोर हसवलं होतं, आता एकांतात माफी मागून कसं चालणार? धुक्यात अकरा तोंडांतून वाफा निघत होत्या, आणि सगळी तोंडं माझ्याकडे.

"दोन आठवड्यांपूर्वी," मी म्हटलं, "मी उजिनच्या पायांबद्दल बोलले. ते पाय बघून नव्हते बोलले. पाय चांगले आहेत. मी... मी जळून बोलले."

"कुणावर?" गुक काकांनी विचारलं. त्यांना सगळं नीट ऐकायचं असतं.

"नारिमवर."

"आणि का बरं?"

"काका!"

"नाही, समजलं पाहिजे ना सगळ्यांना."

"कारण टाइट्स त्यानं माझ्यासाठी घालाव्यात असं मला वाटत होतं! दोन वर्षं वाटत होतं! झालं समाधान?"

कुणीतरी शिट्टी मारली. नारिमच असणार. मी मान वर केली. उजिन गर्दीतून पुढे आला होता. त्याच्या पापण्यांवर बर्फाचे बारीक कण जमले होते. तो हसत नव्हता.

"घोड्यासारखे," तो म्हणाला.

"काय?"

"बँकेतल्या सोन ग्युहानचे पाय. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात. मी चेन बसवायला पँट घेऊन दुकानात आलो होतो. तुम्ही त्याच्या टाइट्सना टाचण्या लावत होतात, आणि म्हणालात, 'काय पाय आहेत हो, अगदी घोड्यासारखे!' मी दारातूनच परत गेलो."

मला तर तो सोन ग्युहान धड आठवतही नव्हता. गिऱ्हाईक होता. चार गोड शब्द बोलले की गिऱ्हाईक परत येतं.

"अरे, ते धंद्याचं बोलणं होतं!"

"मला काय माहीत? मी रोज जिने चढायचो. चौदा मजले. म्हटलं, थोडे तरी घोड्यासारखे होतील..." त्यानं मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "नाही झाले."

"दोन वर्षं तू त्या माणसावर जळत होतास?"

"अजून जळतो. त्याच्या बँकेतलं खातंसुद्धा बंद केलं."

सगळे इतके हसले, की पुलाखाली आवाज घुमला. पण या वेळी तो हसण्यातून पळाला नाही. मीही नाही. गुक काकांनी फुलाफुलांच्या चड्डीवर हात पुसले आणि म्हणाले, "चला रे, इथं माझे पाय गोठले! या दोघांचं आपापलं चालू दे." गट निघाला.

आम्ही शेवटी निघालो. सावकाश, शेजारी शेजारी. धुक्यातून सूर्य वर आला आणि काठावरची गोठलेली झाडं एकदम चमकायला लागली.

"सोल्ही," तो म्हणाला. नुसतं सोल्ही. मग जीभ चावल्यासारखा थांबला. "चालेल?"

"पुन्हा म्हण."

"सोल्ही... तू मला आवडतेस. त्या पहिल्या सकाळपासून. पँट बदलली तर तू बोलायला थांबणार नाहीस, असंही वाटायचं मला."

मला बोलायचं होतं, पण नाकातून पाणी यायला लागलं. थंडीनंच असेल. मी हातमोज्यानं नाक पुसलं आणि नुसती मान हलवली. दोनदा. मग वाटलं, एवढ्यानं कळायचं नाही त्याला, म्हणून म्हटलं, "मलासुद्धा. वेड्या."

तेवढ्यात वळणावर नारिम थांबली आणि मागे वळून आम्हाला हात केला. खळी इतक्या लांबूनही दिसली मला. उजिननंही हसत हात वर केला.

मी तो हात धरून खाली ओढला.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. हात गार पडेल."

"अगं, हातमोजा आहे की!"

"तरीही पडेल," मी म्हटलं, आणि तो हात, हातमोज्यासकट, माझ्या जॅकेटच्या खिशात घातला.

दुसऱ्याच्या खिशात हात घालून कुणालाच नीट धावता येत नाही. आम्ही अडखळलो, हसलो, पुन्हा अडखळलो. गट पार दिसेनासा झाला. आणि त्याला गाठायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती.