त्रेम्बाथ आणि मुलगे

डॉट मावशीच्या बेकरीतून करंजीसारख्या दोन गरम, मांस-बटाट्याच्या पेस्ट्या उचलून जोरी नॅन्किव्हेल मागच्या खोलीकडे निघाला, तेव्हा भर दुपार होती आणि उत्तरेचा गरम वारा सुटला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या या मून्टा गावात हा वारा सुटला की कुत्री उगाच जागा बदलत राहतात, पत्रे कुरकुरतात आणि जुन्या खाणीच्या ढिगाऱ्यांवरची लाल धूळ दाताखाली येते. कुणालाच धड बसवत नाही.

मागच्या खोलीत जोरीचा रेडिओ होता. म्हणजे एक टेबल, दोन माइक आणि भिंतीला ठोकलेल्या जुन्या गाद्या. तिथून तो इंटरनेटवर गावातल्या बँडची गाणी आणि गावातल्या दुकानांच्या जाहिराती लावायचा. पंचाईत एवढीच, की रिकाम्या हॉटेलात कुणी जेवायला शिरत नाही. पहिली जाहिरात द्यायला कुणी तयार होईना. मग जोरीने स्वतःच एक धंदा काढला. हवेतला.

"त्रेम्बाथ आणि मुलगे," तो मयताला आल्यासारख्या आवाजात वाचायचा. "तुमच्या घरात आवाज घुमतो? घुमणारा आवाज आम्ही घेऊन जाऊ. नऊ नंबरच्या विहिरीपाशी या, पत्ता सांगा. पैसे नकोत. पेस्टीचा कोपरा चालेल."

नऊ नंबर ही तांब्याच्या खाणीची उभी विहीर. कधीची बंद, भोवती तारेचं कुंपण. आणि कोपरा टकटक्यांचा. दगडाच्या आत बसून टकटक करणारे बुटके ते. खाणीत उतरणारे पणजोबा पेस्टीचा शेवटचा कोपरा त्यांच्यासाठी टाकायचे. अजूनही गावातली निम्मी माणसं ताटलीत कोपरा ठेवतात. जोरी मुद्दाम सगळ्यांदेखत कोपरा आधी खायचा.

जाहिरात चालली. जरा जास्तच चालली. केस कापणाऱ्या ट्रेगॉनिंगबाई सांगत आल्या की नव्या फरशीमुळे दुकान फार घुमायचं, आता भांडं पडलं तरी उशी पडल्यासारखं वाटतं. कुत्र्यांच्या डॉक्टरांचंही तेच. दोघांनी लगेच स्वतःच्या जाहिराती दिल्या. जोरीला वाटलं, गाव आपली फिरकी घेतंय. चेहरा न हलवता तो म्हणाला, त्रेम्बाथच्या मुलांना निरोप देतो.

आज मात्र मस्करीचा दिवस नव्हता. आज त्याची मावसबहीण, डॉट मावशीची मेरिन, रेडिओवर गाणार होती. पहाटे उठून पीठ मळायचं आणि उरलेल्या वेळात 'भिजके टॉवेल' नावाच्या बँडमध्ये गायचं, अशी तिची कित्येक वर्षं गेली होती. ॲडलेडच्या एका संगीत महोत्सवाच्या बाई आज ऐकणार होत्या. आवडलं तर बोलावणं. नाही तर पीठ.

मेरिन गायली. खोलीतल्यांच्या अंगावर काटा आला. पण हेडफोनमध्ये गिटार होती, ढोल होता, आणि मेरिनच्या जागी काहीच नव्हतं. जोरीने माइक बदलला. वायर बदलली. मग तिची जुनी गाणी लावून पाहिली. त्यांतही ढोल आणि गिटार, आणि मधे माणसाच्या आकाराचं भोक.

बाईंना त्याने फोन करून वायर तुटल्याची थाप मारली आणि संध्याकाळपर्यंतचा वेळ मागून घेतला. तेवढ्यात मावशी दारात येऊन म्हणाली, मेरिनने वाढदिवसाला फोनवर पाठवलेला निरोप मी रोज ऐकते, आज तो मुका कसा झाला?

मेरिन खाली बघत होती.

"चर्चच्या हॉलमध्ये आमच्या तालमीला फार घुमतं रे, जोऱ्या. म्हणून काल गेले होते तुझ्या त्रेम्बाथकडे."

"माझा कुठला त्रेम्बाथ..."

"कोपरा ठेवला. हॉलचा पत्ता सांगितला. आणि माझं नावही सांगितलं. नुसता पत्ता कसा सांगायचा, बरं दिसत नाही."

जोरीने एक पेस्टी उचलली आणि विहिरीचा रस्ता धरला.

विहिरीपाशी वारा नव्हता. हे त्याला आवडलं नाही. चार पावलं मागे धूळ गरगरत होती, आणि कुंपणाजवळची वाळकी गवताची पातीही हलत नव्हती. खालून थंड, तांब्याच्या पैशासारखा वास येत होता. तारेखाली कोपरेच कोपरे... नाही, कोपरे बांधून आणलेले नुसते कागद होते, छान घडी घालून ठेवलेले.

त्याने कोपरा मोडून ठेवला.

"मेरिनचं परत द्या," तो म्हणाला. "चुकून झालंय."

त्याचा आवाज विहिरीत गेला आणि परत आला नाही. मग खोल कुठेतरी टक... टक... आणि त्यामागून मेरिन. आजचंच गाणं, पहिल्या ओळीपासून. पाठोपाठ तिचा वाढदिवसाचा निरोप, तिचं लहानपणचं रडणं. सगळं एकावर एक नीट रचून ठेवल्यासारखं. शेवटी जोरीचाच आवाज आला, तोच मयताचा.

"त्रेम्बाथ आणि मुलगे. माल परत मिळत नाही. बदलून मिळतो."

जोरी तारेवर वाकला. मग त्याने स्वतःचं नाव सांगितलं, पूर्ण. पत्ताही सांगितला, बेकरीची मागची खोली. बरं दिसत नाही म्हणून.

संध्याकाळी मेरिनचा आवाज हेडफोनमध्ये असा आला की ढोलवाला ठोका चुकला. बाईंनी गाणं संपायच्या आधीच बोलावणं पाठवलं. जोरीने माइकवर अभिनंदन केलं, ते फक्त खोलीतल्यांनी ऐकलं; हेडफोन मुका होता. तो खांदे उडवून म्हणाला, चला, गावाचे कान वाचले. रेडिओ बंद करून त्याने खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली मावशीकडे दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेरिन आणि जोरी बेकरीत समोरासमोर बसून जेवत होते. वारा अजून पडला नव्हता. मागचं कुलूप तसंच होतं. मावशीने सवयीने रेडिओ लावला.

"नमस्कार, मून्टा," जोरी रेडिओवर म्हणाला.

समोरचा जोरी घास तोंडात तसाच ठेवून थांबला.

रेडिओवरचा जोरी आज फॉर्मात होता. ट्रेगॉनिंगबाईंची थट्टा झाली, कुत्र्यांच्या डॉक्टरांची जाहिरात झाली. मावशी हसलीसुद्धा, आणि मग तिने हळूच तोंडावर हात ठेवला.

"आणि आता, त्रेम्बाथ आणि मुलगे," आवाज म्हणाला. "सांगायला आनंद होतो, की आम्ही बेकरीच्या मागच्या खोलीत नवी शाखा उघडली आहे. जरा थांबा हं..."

मग रेडिओवर शांतपणे, चवीने, कुणीतरी काहीतरी चावून खाल्लं.

"कोपरा खाल्लास ना नेहमीसारखा?" मेरिनने विचारलं.

"नाही," जोरी म्हणाला. "ताटलीत आज पहिल्यांदाच ठेवला होता, कागदावर."

दोघांनी ताटलीकडे पाहिलं. ताटलीत नुसता कागद होता, छान घडी घातलेला.