सिस्टर बॉयडचे फोन

माझं काम माणसांना पुन्हा बोलतं करायचं. पक्षाघातानंतर ज्यांची भाषा जाते, त्यांच्या घरी जाऊन मी त्यांच्याकडून ‘कप’, ‘चमचा’, ‘खिडकी’ असले शब्द घोटून घेते. मिशिगनमधल्या ट्रॉयला आल्यापासून हेच करतेय. या कामाला चिकाटी लागते, असं लोक म्हणतात. खरं तर राग गिळता यावा लागतो.

मॉरीन हॅस्लमच्या बाबतीत मला तो गिळता येईना.

जानेवारीत ती माझ्याकडे आली. म्हणजे तिचं नाव आलं, जायची मीच. एका शांत गल्लीतलं विटांचं घर, ड्राइव्हवेच्या कडेला काळ्या पडलेल्या बर्फाचे ढीग, आत सतत चालू असलेल्या हीटरचा कोरडा वास. वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ ताठ. नवरा वारलेला, कामाला एक बाई येऊन जायची. उजवा हात लुळा पडलेला. माणसं ओळखायची, बोललेलं सगळं समजायचं. फक्त शब्द निघत नव्हता. मी कपाचं चित्र समोर धरायची आणि ती त्याच्याकडे बघत ओठ जुळवायची. “द… द…” मग डाव्या हाताने चित्र उडवून लावायची. मी ते गालिच्यावरून उचलून पुन्हा धरायची. कित्येक आठवडे हेच. तिच्या डोळ्यांत संतापाने पाणी यायचं आणि गाडीत बसल्यावर माझ्याही.

एके सकाळी मी चित्र धरलं, तेव्हा तिने ते उडवलं नाही. डाव्या हाताची मूठ वळली आणि कानाशी नेली.

“सिस्टर बॉयड बोलतेय,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “नाही, घाबरू नकोस. आधी खाली बस बघू.”

ती थांबली. कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान हलवली.

“बसलीस? शहाणी आहेस.”

आणि मूठ सुटली. मी घाईने विचारलं, “मॉरीन, हे काय आहे?” पुन्हा कप.

“द… द…”

याला कारण असतं. भाषा गेलेल्या माणसाला प्रार्थना म्हणता येते, गाणं येतं, शिव्या तर हमखास येतात. पाठ झालेलं मेंदूत दुसरीकडे असतं. मी गाडीत बसून स्वतःला हे समजावलं आणि इंजिन चालू केलं. तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

समोरच्या घरातले पुरुषोत्तम काका. मंडळाच्या गणपतीत आमची दरवर्षी गाठ पडायची. भूल देणारे डॉक्टर, आता रिटायर्ड. संध्याकाकू गेल्यापासून एकटेच होते.

“बोलली का काही?” त्यांनी विचारलं.

“सिस्टर बॉयड म्हणून कुणाचं तरी नाव घेतलं.”

काका हातातलं बर्फाचं फावडं तसंच धरून उभे राहिले. मग म्हणाले, “आत ये. चहा घेऊ.”

त्यांच्या किचनमध्ये मला मॉरीनचं आयुष्य कळलं. बोल्टनच्या गिरणी कामगाराची ही मुलगी. फिरत्या नाटक कंपनीत कपडे इस्त्री करता करता रंगमंचावर आली. ब्रिटिश टीव्हीवर मोलकरणी केल्या, दुकानदारणी केल्या, आणि मग ‘नॉर्थगेट जनरल’ नावाच्या मालिकेत सिस्टर बॉयड. पेशंटच्या घरच्यांना फोन करून बरी-वाईट बातमी सांगणारी हेड नर्स. निर्माते कंजूष, पलीकडच्या माणसासाठी दुसरा नट घ्यायचेच नाहीत. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आणि कानाला मुका रिसीव्हर. ती अशी ऐकायची, की बघणाऱ्याला पलीकडचा माणूस दिसायचा. ते फोन म्हणजेच ती मालिका होती.

“अकरा वर्षं केलं तिने ते,” काका म्हणाले. “मग सिरियल बंद झाली आणि हिला कुणी काम देईना. राणी केली तरी लोकांना नर्सच दिसायची. शेवटी एका अमेरिकन कार इंजिनियरशी लग्न करून इथे आली. इथे कोण ओळखणार? चहाच्या एका ॲडमध्ये आजी झाली. दॅट्स ऑल. हेच तिचं अमेरिकेतलं करिअर.”

“तुम्हाला बरं सगळं माहीत!”

“आम्ही आधी इंग्लंडमध्ये होतो ना. लँकेशायरमध्ये. मी चोवीस-चोवीस तास ड्यूटीवर, संध्या फ्लॅटमध्ये एकटी. इंग्लिश बोलायची तिला भीती वाटायची. मग ती सिस्टर बॉयडला उत्तरं द्यायला लागली. सिस्टर बॉयड फोनवर थांबली की ही मधल्या जागेत बोलायची. अशी शिकली ती इंग्लिश.” काका हसले. “आणि इथे घर घेतलं, तर समोर हीच बाई. संध्याने तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. म्हणायची, काय सांगू? तुम्ही फोनवर माझ्याशी बोलायचात म्हणून?”

मला मात्र वाट दिसली. पाठ असलेल्या संवादांना धरून पेशंटला स्वतःच्या शब्दांकडे आणता येतं. मी काकांना म्हटलं, उद्या या. काकू काय उत्तरं द्यायच्या ते आठवेल तसं बोला.

दुसऱ्या दिवशी काका मॉरीनच्या समोर बसले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मूठ कानाशी गेली.

“सिस्टर बॉयड बोलतेय. बसलीस का?”

“हो, बसले,” काका इंग्लिशमध्ये म्हणाले.

मॉरीनच्या कपाळाला आठी पडली. तिने मूठ कानापासून लांब धरून तिच्याकडे पाहिलं. पुन्हा कानाला लावली.

“लाइनवर दुसरंच कुणीतरी आहे. तुमच्या मिसेसना द्या ना जरा.”

काकांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी लगेच म्हटलं, “काका, हाही डायलॉगच असणार.”

“हो हो,” ते म्हणाले. “असणारच.”

पण ते रोज यायला लागले. त्यांच्यासमोर मॉरीन चित्रांकडे बघेनाशीच झाली. मी कप धरायची, आणि ती माझ्या हातावरून पलीकडे बघत मूठ उचलायची.

“हो, इथेच बसलाय. समोरच… बारीक झालाय थोडा… ते मी कसं सांगणार त्याला? तूच सांग… हो, निळा चालेल.”

काका खुर्चीच्या कडेवर आले. “काय म्हणतेय ती? निळा काय? मॉरीन, व्हॉट इज ब्लू?”

मूठ सुटली. मॉरीनने त्यांच्याकडे पाहिलं. तिला सांगायचं होतं. ओठ जुळत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

“द… द… द…”

काकांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. मी त्यांना बाहेर नेलं. त्या दिवशी त्यांना घरी सोडायला गेले, तर बेडरूममध्ये पलंगभर निळ्या वस्तू मांडलेल्या होत्या. साड्या, स्वेटर, एक छत्री, औषधांचा डबा, कुठल्याशा लग्नातली बांगडी.

“यातलं काय?” काका म्हणाले. “आयुष्यभर ती घरात एकटी बोलली आणि मी ड्यूटीवर. आता मी समोर बसलोय, तर मला एकच बाजू ऐकू येते. हे काय आहे, कांचन?”

“हे पाठांतर आहे, काका.”

“मग दाखव मला.”

दाखवायचंच असं मी ठरवलं. मला राग आला होता. मॉरीनचा, काकांचा, आणि त्या खोलीत बसल्या बसल्या आपणही पुढच्या वाक्याची वाट बघतो याचा. कुणा हौशी माणसाने ते जुने भाग इंटरनेटवर चढवले होते. रोज दुपारी गाडीत डबा खाता खाता मी ते बघत गेले. आणि सापडलं. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा भाग, पांढरी टोपी, तरुण मॉरीन, कानाला रिसीव्हर. ‘इथेच बसलाय. बारीक झालाय थोडा. निळा चालेल.’ शब्दन् शब्द तोच. पलीकडे कोण, आणि निळा काय, हे त्या भागातही कळत नव्हतं. पण मला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. मला इतकं हलकं वाटलं की मी गाडीत एकटीच हसले.

शनिवारी दुपारी काकांकडे गेले. लख्ख ऊन होतं, छपरावरचा बर्फ वितळून ठिबकत होता. त्यांच्या मोठ्या टीव्हीवर भाग लावला. काका गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. ती वाक्यं आली.

“म्हणजे पाठांतरच,” ते म्हणाले.

“हो, काका.”

त्यांचे खांदे खाली आले. मी रिमोट उचलला.

“राहू दे,” ते म्हणाले. “संपू दे तिचा फोन.”

पडद्यावर सिस्टर बॉयड ऐकत होती. खोलीत ठिबकण्याचा आवाज. काकांना ठसका लागला. ते तोंडावर रुमाल धरून बराच वेळ खोकले.

सिस्टर बॉयडने मान किंचित वर केली.

“हो, त्याचाच,” ती रिसीव्हरमध्ये म्हणाली. “ऐकलास ना? असाच खोकतोय. आणि औषध घेणार नाही. स्वतः डॉक्टर ना!”

काकांनी रुमाल खाली घेतला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

“मालिकेत तो पेशंट डॉक्टर असेल,” मी म्हटलं.

काकांनी रुमालाची घडी घातली.

घरी येऊन मी तो भाग पुन्हा लावला. माझा नवरा गिरीश शेजारी बसला होता, त्यालाही ऐकवलं. वाक्य तिथे होतंच. इतकी वर्षं असणार. मग मी सगळा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. त्यात डॉक्टर कुणी आजारी नव्हता. खोकतही कुणी नव्हतं.

सोमवारी मी ऑफिसला कळवलं की पेशंटची प्रगती नाही आणि घरी एकटी ठेवणं बरं नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. तिची भाची नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला राहायची. ती येऊन मावशीला घेऊन जाणार असं ठरलं. तिथे सावनी नावाची एक थेरपिस्ट माझ्या ओळखीची होती. मी तिचा नंबर दिला.

निघायच्या दिवशी काका स्लिपर घालून ड्राइव्हवेमध्ये आले. ओल्या काँक्रीटवर त्यांचे मोजे भिजले होते.

“पाच मिनिटं,” ते भाचीला म्हणाले. “प्लीज. जस्ट फाइव्ह मिनिट्स.”

“डॉक्टर, आमची फ्लाइट आहे,” भाची म्हणाली. भली बाई होती.

मॉरीन पुढच्या सीटवर बसली होती. काकांना पाहून तिची डावी मूठ वळली आणि वर यायला लागली. भाचीने ती हळूच धरली, मांडीवर ठेवली आणि वरून सीटबेल्ट लावला.

“नको!” काका ओरडले, मग इंग्लिशमध्ये, “तिचा फोन कट करू नका!”

भाचीने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी काकांचा दंड धरला. गाडी मागे गेली, वळली. काचेतून मॉरीनचे ओठ हलताना दिसत होते. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. काकांनी माझा हात झटकला.

“समाधान झालं तुझं?” ते म्हणाले आणि घरात गेले.

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. मी मेसेज केले, दारात वरण-भाताचा डबा ठेवून आले. डबा धुऊन पायरीवर ठेवलेला मिळायचा. माणूस दिसायचा नाही. एवढा अबोला धरण्यासारखं मी काय केलं होतं, म्हणून मी गिरीशशी वाद घालायची. तो म्हणायचा, तू मला का सांगतेस?

एप्रिलच्या अखेरीला, एका उजळ सकाळी, मी सरळ त्यांच्या दाराशी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून काकांचा आवाज येत होता. मराठीत, मोकळा, मध्ये मध्ये थांबणारा. त्यांचा सिएटलचा मुलगा फोनवर असेल असं वाटून मला बरं वाटलं. मी दार ढकलून पॅसेजमध्ये उभी राहिले.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. कॅरीहून सावनी.

“कांचनताई, तुमच्या मिसेस हॅस्लमबद्दल विचारायचं होतं,” ती म्हणाली. “तब्येत मस्त आहे, जेवते वगैरे. पण ते नर्सचे डायलॉग तुम्ही म्हणाला होतात ना, त्यातलं काहीच नाही. एकच वाक्य. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच. कंटाळले मी.”

“कोणतं?” मी हळू आवाजात विचारलं.

“कानाला मूठ लावते आणि म्हणते, ‘सॉरी डिअर, ती दुसऱ्या लाइनवर आहे.’ हे आहे का हो कुठल्या भागात?”

मी दोन पावलं पुढे गेले. दिवाणखान्यात ऊन पसरलं होतं. टीव्ही बंद. काका आरामखुर्चीत बसले होते. त्यांचा मोबाइल समोरच्या टेबलावर चार्जिंगला होता. दोन्ही हात मांडीवर. दाढी केलेली, अंगाने थोडे भरलेले.

“हो, घेतलं. सकाळीच,” ते बंद टीव्हीकडे बघत म्हणाले. थांबले. हसले.

“ताई?” सावनी कानात म्हणत होती. “आहात ना?”

काकांनी वळून मला पाहिलं. चेहऱ्यावर राग अजिबात नव्हता. त्यांनी एक बोट वर केलं: थांब जरा.

“नाही गं, कांचन आलीये,” ते म्हणाले. मग थोडं ऐकलं आणि मान हलवली. “देतो. पण आत्ता नको, ती फोनवर आहे.”