खाडीपलीकडचं कुरण

धुकं इतकं दाट होतं की फोटोवालीला आपल्याच गाडीचं नाक दिसत नव्हतं. तिने ब्रेक दाबला तो काही दिसलं म्हणून नव्हे, ऐकू आलं म्हणून. आधी ओल्या मातीवरची मऊ थपथप... मग फुरफुर... आणि मग धुक्यातूनच घडवल्यासारखं एक पांढरं तोंड काचेसमोर आलं. त्याच्यामागे तपकिरी. त्याच्यामागे काळं. बघता बघता गाडीच्या दोन्ही बाजूंनी घोडेच घोडे वाहायला लागले. ओल्या आयाळी, वाफाळते श्वास, आयांच्या पोटाला चिकटून चालणारी लांबलचक पायांची शिंगरं. एकाने जाता जाता आरसा हुंगला आणि त्यावर वाफेचा गोल ठेवून निघून गेला.

इतकी वर्षं ती घोड्यांचे फोटो काढत फिरत होती. शर्यतीचे घोडे, पोलिसांचे घोडे, सर्कशीतून निवृत्त झालेले, डोंगरात ओझी वाहणारे. तरी त्या क्षणी शेजारच्या सीटवरच्या कॅमेऱ्याकडे तिचा हात गेला नाही. तिचा कुत्रासुद्धा गप्प होता. एरवी समोर कुणीही असो, आपली बाजू मांडल्याशिवाय राहायचा नाही, म्हणून तर त्याचं नाव वकील पडलं होतं. पण आज वकीलसाहेब खिडकीला नाक लावून नुसते बघत राहिले.

कळपाच्या शेवटी एक उंच माणूस आला. खांद्यावर दोर, केसांत दवाचे थेंब. त्याने काचेवर टकटक केलं.

"इंजिन बंद कराल का जरा? शिंगरं बुजतात."

"करते. पण तुम्हीही जरा हळू बोला... मागे सासूबाई झोपल्यात. उठल्या तर माझी खैर नाही."

त्याने लगेच आवाज उतरवला. "हो, हो, सॉरी. आता झालंच, हे शेवटचेच." आणि मागच्या पडद्याकडे बघून, आत कुणी बघत असल्यासारखी, अदबीने मान लववली.

ती काही बोलली नाही. का बोलली नाही, हे तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. त्याचे डोळे हसरे होते, एवढं मात्र तिच्या लक्षात राहिलं.

दुपारी उलगडा झाला. ज्या कळपासाठी ती एवढा प्रवास करून आली होती, तो हाच, आणि हा त्या कळपाचा डॉक्टर. कळप त्याच्या आत्याचा. खाडीच्या काठावर आत्याचं लांबट, बुटकं दगडी घर होतं. दाराशी चिखलाच्या बुटांची रांग, आत खोगिराच्या चामड्याचा आणि साबणाचा वास, आणि प्रत्येक खिडकीतून पाणी. अलीकडचं गवत संपलं की कळप दर वर्षी खाडी पोहून पलीकडच्या बेटावर चरायला जायचा. ते पोहणं फोटोवालीला टिपायचं होतं.

"पाणी शांत होईपर्यंत थांबावं लागेल, वहिनी," डॉक्टर म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकून उभा राहिला.

पुढचे काही दिवस तो असाच दोन पावलं मागे होता. वहिनी, इकडून या, तिथे निसरडं आहे. वहिनी, त्याच्या मागे उभ्या राहू नका, लाथ मारतो. शेवटी आत्याच एक दिवस कपबशी घेऊन गाडीपाशी आली.

"काय गं, म्हाताऱ्या बाईला गाडीत कोंडून ठेवलंयस? आण की घरात. चहा थंड होतोय त्यांचा."

फोटोवालीने पडदा सरकवला. आतून एक गुबगुबीत करडी मांजर उतरली. आत्याकडे, चहाकडे आणि एकूण जगाकडेच नापसंतीचा कटाक्ष टाकून ती थेट घरात गेली आणि डॉक्टरच्या खुर्चीत जाऊन बसली.

आत्या इतकी हसली की तिला दाराचा आधार घ्यावा लागला. "बायका सासूशिवाय नवरा शोधतात, तू नवऱ्याशिवाय सासू घेऊन फिरतेस होय!"

डॉक्टरचे कान लाल झाले. "म्हणजे... मिस्टर...?"

"नाहीत."

"मग मी इतके दिवस वहिनी वहिनी करत होतो, तेव्हा सांगायचं नाही का?"

"इतकं मनापासून म्हणत होतात... मोडवेना."

त्या दिवसापासून ती दोन पावलं कुठे गेली, कोण जाणे.

तो खूर साफ करायचा, ती फोटो काढायची. कधी त्याच्या हाताचाच फोटो निघायचा, घोडीच्या मानेवर ठेवलेला, न दाबता नुसता टेकवलेला. ती आपल्याशीच म्हणायची, हा हात चुकून आला. मग पुन्हा चुकून यायचा.

"घोडेच का?" त्याने एकदा विचारलं.

"लहानपणी एका घोड्याने माझ्याकडे बघितलं होतं. गाडीला जुंपलेला, रस्त्याच्या कडेला उभा होता. मी त्याच्या डोळ्यात वाकून बघितलं तर आत अख्खा रस्ता होता, दुकानं होती, आभाळ होतं आणि मी. एवढीशी. त्या डोळ्यात सगळं मावलं होतं हो... तेव्हापासून शोधतेच आहे."

"आणि फोटो काढून झाला की? परत जाता बघायला?"

"परत मी कुठेच जात नाही."

ती हसत म्हणाली, पण तो हसला नाही. मग तिला सांगावंच लागलं. वडिलांच्या बदल्या व्हायच्या. दर वेळी मैत्रिणींना 'परत येईन' म्हणायचं आणि कधीच जायचं नाही. शेवटी तिने म्हणणंच सोडून दिलं. खोटं पडण्यापेक्षा बरं. आताही कळप पलीकडे गेला की दुसऱ्याच दिवशी तिला निघायचं होतं, दूरच्या डोंगरांत. काम कधीचंच ठरलेलं होतं.

"अच्छा," तो म्हणाला आणि खूर घासायला लागला. तो खूर मघाशीच साफ झाला होता.

त्याच्या मनात वेगळीच काळजी होती. कळपाची म्होरकी म्हणजे थोरली, गाडीच्या काचेसमोर पहिल्यांदा आलेली ती पांढरी घोडी. तिच्या डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता. आई गेल्यावर तो लहानपणी आत्याकडे आला, तेव्हा रडू आलं की तो थोरलीच्या पायांशी जाऊन बसायचा. ती पाय हलवायची नाही, तासन् तास. आता तिला जेमतेम उजेड-अंधार कळत होता.

"यंदा तिला नाही पाठवणार," त्याने जेवताना सांगून टाकलं. "खाडीत दिशा चुकली तर?"

"आणि तिच्याशिवाय बाकीचे पाण्यात उतरतील?" आत्याने विचारलं.

"उतरतील."

"बरं. घोडामैदान जवळच आहे."

तो दिवस उजाडला तेव्हा पाणी आरशासारखं होतं. ना भरती, ना ओहोटी. आत्या वकिलाला घेऊन मोठ्या नावेने आधीच बेटावर गेली होती. माणसांनी कळप काठावर आणला, हाकारे दिले, शिट्ट्या मारल्या. घोडे पाण्यात गुडघाभर उतरले... आणि थांबले. तेवढ्यात तबेल्यातून थोरलीने हाक दिली. लांब, कातर. अख्ख्या कळपाने एकदम माना वळवल्या आणि सगळे परत फिरून काठावर उभे राहिले.

डॉक्टर कितीतरी वेळ तसाच उभा होता. फोटोवाली त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. मग तो वळला, तबेल्यापर्यंत चालत गेला आणि त्याने दार उघडलं.

थोरली सावकाश उतरणीवरून आली. गडबड नाही, अडखळणं नाही. पाण्याच्या कडेला तिने मान खाली घातली, पाणी हुंगलं आणि ओळखीच्या घरात शिरावं तशी आत गेली. तिच्यामागे कळप गेला, सगळाच्या सगळा. शिंगरं आयांच्या कुशीला लागून. बघता बघता पाठी बुडाल्या, खांदे बुडाले, पाण्यावर उरली नुसती डोकी.

दोघं मोटारीच्या होडीत बसून कडेने निघाले. फोटोवालीने कॅमेरा डोळ्याला लावला. पसरलेल्या नाकपुड्या, पाण्यावर तरंगणाऱ्या आयाळी, आणि त्या प्रत्येक डोळ्यात सकाळ.

"डॉक्टर," ती एकदम म्हणाली, "बेट डावीकडे आहे ना?"

थोरली उजवीकडे वळली होती, खाडीच्या तोंडाकडे, समुद्राच्या दिशेने. आणि तिच्यामागे, तिच्यावर भरवसा ठेवून, अख्खा कळप.

डॉक्टरने हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती विरून गेली. त्या आवाजानेच घोडी बिचकून लांब लांब चालली होती. त्याने झटकन इंजिन बंद केलं.

"वल्ही घे! बेटाच्या बाजूला ने होडी!"

"मला नाही येत!"

"मग आत्ता शिक!"

कॅमेरा होडीच्या तळाशी गडगडत गेला. तिने वल्ही धरली. पहिल्यांदा होडी गोल फिरली, मग कशीबशी सरळ झाली. तळवे सोलवटत होते, पण ती ओढत राहिली. डॉक्टर उभा राहिला, तोंडाशी हात धरले आणि हाक मारली. कळपाला घालतात ती हाक नव्हती ती. लहान मूल झोपेतून उठून घरातल्या माणसाला हाक मारतं तशी होती.

"थोरलेऽऽ... ए थोरलेऽऽ... मी इकडे आहे गंऽऽ..."

पाण्यावर आता काहीच आवाज नव्हता. फक्त श्वास. इतक्या घोड्यांचा एका लयीत चाललेला श्वास. खाडीच श्वास घेत असावी असा.  फोटोवालीला वाटलं, एवढं मोठं काही आपण आयुष्यात कधी ऐकलेलं नाही.

"थोरलेऽऽ..."

एक पांढरा कान वळला. मग दुसरा. मग ते जुनं, थकलेलं डोकं सावकाश, फार सावकाश फिरलं... आणि त्या आवाजाच्या दिशेने पोहायला लागलं. तिच्यामागून कळपाची लांब काळी रेघ पाण्यावर वाकत, वळत गेली.

त्याचा आवाज बसला तेव्हा फोटोवाली ओरडायला लागली. हसत होती की रडत होती, देव जाणे.

बेटाच्या वाळूवर थोरलीचे पाय टेकले. एकेक घोडा पाण्यातून वर यायला लागला, जणू पाणीच घोडा होऊन उठत होतं. अंग झाडलं की उन्हात थेंबांचं जाळं उडायचं. शिंगरं आधी लटपटली आणि मग वेड्यासारखी गवतात उधळली. आत्या वर टेकाडावर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती, आणि वकील सगळ्या कळपाला कायदा समजावून सांगत होता.

डॉक्टरने थोरलीच्या मानेत तोंड लपवलं. बऱ्याच वेळाने तो फोटोवालीजवळ येऊन वाळूत बसला.

"फोटो?"

"एकही नाही आला. कॅमेऱ्यात पाणी गेलंय."

"त्याच्यासाठीच तर आली होतीस..."

"मघापासून तू मला तू म्हणतोयस."

तो गडबडला. "ते... घाईत..."

"आता तर घाई नाहीये."

त्याने तिचे सोललेले तळवे हातात घेतले. न दाबता, नुसते. समोर घोडे चरत होते. वारा गवतावरून जात होता. 

"मी थांब म्हणणार नाही," तो अखेर म्हणाला. घोगरा, फाटका आवाज. "तुझं काम मला कळतं. पण तू गेलीस की... हे घर मला पुरणार नाही. एवढं मला आजच कळलंय, आणि तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही."



"मला जायचंय," ती म्हणाली. "शब्द दिलाय त्यांना. पण मी... मी परत..." तिला पुढचं म्हणता येईना. इतक्या वर्षांत जीभच वळली नव्हती. "परत येईन."

"काय? ऐकू नाही आलं."

"आलंय. चांगलं आलंय."

"एकदाच. सवय होईल."

"परत येईन," ती म्हणाली आणि मग त्याच्या खांद्यावर डोकं टेकून, स्वतःलाच ऐकवावं तसं, पुन्हा एकदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. डोंगरांत तिने खूप घोडे पाहिले, बर्फात उभे असलेले, पापण्यांवर पांढरी कड असलेले. फोनला रेंज मिळायची तेव्हा डॉक्टर थोरलीची खुशाली सांगायचा, आत्याचा निरोप सांगायचा, आणि मग दोघंही उगाचच फोन धरून बसायचे. ती कधी येणार हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. डोंगरातला शेवटचा फोटो निघाला त्याच दुपारी तिने गाडी वळवली, आणि विश्रांतीपुरती थांबत, रोज उजाडताच पुन्हा निघत ती गाडी चालवत राहिली.

ती पोचली तेव्हा भर दुपार होती. डॉक्टर तबेल्यात एका हट्टी शिंगराला औषध पाजत होता. निम्मं औषध शिंगराच्या पोटात होतं, निम्मं याच्या शर्टावर, आणि थोडं भुवईतही.

"आत्या, तो टॉवेल दे गं," मागे पावलं वाजली तसा तो न वळताच म्हणाला.

टॉवेल आला. त्याने तोंड पुसलं, हात पुसायला घेतले आणि त्याचं लक्ष टॉवेल देणाऱ्या हाताकडे गेलं. तळव्यावर जुन्या जखमांचे फिकट वण होते.

शिंगरू सुटलं आणि दार ढकलून पळालं. कुणी त्याला अडवलं नाही.

"तू...?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"म्हणाले होते की."

तो पुढे झाला आणि थबकला. "थांब, सगळं अंग बरबटलंय माझं—"

"असू दे," ती म्हणाली आणि त्याला घट्ट मिठी मारली.